हिवाळ्यात ऑइल कॅच कॅन: तेल थोडं, पाणीच फार

ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातल्या वायूबरोबर जाणारं तेल अडवणारा छोटा डबा, बसवलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एक धक्का बसतो. सप्टेंबरमध्ये कॅन उघडला तेव्हा तळाशी चार चमचे काळपट तेल होतं. डिसेंबरमध्ये तोच कॅन निम्म्याच्या वर भरलेला निघतो आणि आत पिवळट, दुधाळ, पेट्रोलचा वास मारणारा पातळ लगदा असतो. हेड गॅस्केट (तेल आणि कूलंट एकमेकांपासून वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील) गेलं की काय, कूलंट तेलात मिसळतंय की काय, इंजिन खोलायला किती खर्च येईल, असं सगळं एका दमात डोक्यात येऊन जातं.

बहुतेक वेळा इंजिनाला काहीही झालेलं नसतं. पण म्हणून कॅनकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण जे पाणी आत साठतंय तेच उणे २५ अंशांत गोठलं की इंजिनाची चांगली सीलं फोडू शकतं. कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे एडमंटन, कॅलगरी, विनिपेग या पट्ट्यात आता मराठी घरं बरीच आहेत, आणि टर्बोवाली, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली गाडी घेतली की कुणीतरी ‘कॅच कॅन बसवून घे’ असा सल्ला देतंच. हा सल्ला देणारा बऱ्याचदा जरा उबदार प्रदेशातला असतो. प्रेअरीतल्या हिवाळ्याचा हिशोब वेगळा आहे.

आधी हा कॅन करतो काय ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा तयार झालेला दाब पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टनभोवती रिंगा असतात, पण त्या कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली, तेल असतं त्या भागात, म्हणजे क्रँककेसमध्ये उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्याकोऱ्या इंजिनातही तो असतो. जुन्यात जास्त असतो एवढंच. या वायूत वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, आणि क्रँकशाफ्ट गरगर फिरत असल्यामुळे उडालेल्या तेलाचे बारीक तुषारही त्यात मिसळतात.

हा वायू आत कोंडला तर दाब वाढेल आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येईल. म्हणून त्याला वाट द्यावीच लागते. जुन्या काळी इंजिनाला एक नळी लावून ती सरळ गाडीखाली सोडून देत. वायू हवेत जाई आणि तेल रस्त्यावर ठिबके. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने बेजार झालेल्या कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून हे बंद झालं. तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत क्रँककेसमधला वायू पुन्हा इंजिनाकडेच वळवून जाळण्याची सोय आली आणि पुढे काही वर्षांत ती सगळीकडे पसरली. ते काम करणाऱ्या झडपेला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन ज्या वाटेने हवा ओढतं, त्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या ओढीवरच हा वायू खेचला जातो.

पर्यावरणाच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. एक गैरसोय मात्र राहिली: तेलाचे तुषारही त्या वायूबरोबर इनटेकमध्ये जाऊ लागले. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडायचा, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जाई आणि कुणाला हे जाणवतही नसे. डायरेक्ट इंजेक्शन आलं आणि चित्र बदललं. आता पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही, आणि तेल तिथे भाजून भाजून काळी खरपुडी धरतं. ती काढायला मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हे काम स्वस्त नाही. टोयोटासारख्या काही कंपन्यांनी यावर उपाय म्हणून एकाच इंजिनात दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिले. ज्यांच्या गाडीत ते नाहीत, त्यांना कॅच कॅन सुचवला जातो.

कॅन म्हणजे पीसीव्हीच्या नळीत मधेच बसवलेला एक धातूचा डबा. वायू एका बाजूने आत शिरतो, जाळीतून, आडव्या पडद्यांमधून वळसे घेत जातो, त्यात थंड होतो, जड थेंब भिंतींना चिकटून खाली ओघळतात आणि त्यातल्या त्यात कोरडा वायू दुसऱ्या बाजूने इनटेककडे जातो. हलणारा एकही भाग नाही. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तेच इथे डब्याच्या आतून होतं. तेल पकडणं हे या डब्याचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तो एक छोटा कंडेन्सर आहे. हिवाळ्यात सगळी गोम या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

पाणी येतं कुठून? बाहेरच्या दमट हवेतून येत असेल असं वाटतं, पण ते खरं नाही. उणे ३० अंशांची हवा घनमीटरमागे अर्धा ग्रॅमही वाफ धरू शकत नाही, तर मुंबईतल्या जुलैच्या हवेत २० ग्रॅमहून अधिक असते. प्रेअरीतली हिवाळी हवा खडखडीत कोरडी असते, ओठ फुटतात ते उगाच नाही. पाणी तयार होतं ते पेट्रोलमधून. पेट्रोल हा हायड्रोजन आणि कार्बनचा मेळ. जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की ९०० मिलिलिटरच्या आसपास पाणी, अर्थात वाफेच्या रूपात, तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं. थंडीत गाडीमागे जो पांढरा लोट दिसतो तो हाच. ब्लो-बायबरोबर समजा त्यातला एक टक्का क्रँककेसमध्ये गेला, तर लिटरमागे ९ मिलिलिटर. रोज दोन लिटर पेट्रोल जाळणारी गाडी आठवड्याच्या पाच दिवसांत ९० मिलिलिटर पाणी तिकडे पाठवते. हा ढोबळ हिशोब आहे आणि सगळं पाणी कॅनमध्ये अडकत नाही. तरीही बाजारातले बरेच कॅन पाव ते अर्धा लिटरचे असतात हे लक्षात घेतलं, तर महिन्याभरात डबा भरलेला का दिसतो ते कळतं.

मग उन्हाळ्यात हे पाणी कुठे जातं? उन्हाळ्यातही ते तेवढंच तयार होतं. पण या वायूतली वाफ साधारण ५० अंशांच्या खाली उतरल्यावरच पाणी होऊ लागते. जुलैमध्ये बॉनेटखाली सगळंच तापलेलं असतं, त्यामुळे वाफ वाफच राहते, कॅनमधून तशीच पुढे सरकते आणि इंजिनात जाऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. मागे उरतं ते तेल. जानेवारीत कॅनच्या भिंती शून्याच्याही खाली असतात. त्यांना वायू लागला की वाफेचं पाणी, पाण्याचं तेलाबरोबर घुसळण, आणि त्यातून तो पिवळट लगदा. इकडचे मेकॅनिक त्याला मेयो (मेयोनीज) म्हणतात.

छोट्या फेऱ्यांनी हे आणखी बिघडतं. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, तेलाचं नाही. थंडीत कूलंट तापल्यावरही तेल बराच वेळ मागे रेंगाळतं. घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत, तिथून दुकान, दुकानातून घर, अशी पाच-सात किलोमीटरची ये-जा करणाऱ्या गाडीचं तेल अख्ख्या आठवड्यात एकदाही नीट तापत नाही. त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला संधीच मिळत नाही. २०१८ मध्ये चीनच्या थंड भागांत होंडा सीआर-व्हीच्या १.५ लिटर टर्बो इंजिनांत तेलाची पातळी आपोआप वाढत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला विक्री थांबवावी लागली, ती अशाच थंडीत तेलात मिसळणाऱ्या पेट्रोलमुळे. कॅच कॅनने हा आजार बरा होत नाही, कारण पेट्रोल कॅनपर्यंत पोचण्याआधीच खालच्या तेलात मुरलेलं असतं. ‘कॅन बसवला, आता तेल बदलायचं लांबवलं तरी चालेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता त्या लगद्याला घाबरायचं का, याचा निवाडा घरच्या घरी होतो. इंजिन कोमट असताना कॅन रिकामा करा आणि जे निघेल ते झाकणाच्या काचेच्या बरणीत ओता. बरणी घरात नको, गॅरेजमध्ये गरम जागी, ठिणगी-ज्योतीपासून लांब ठेवा. त्यात पेट्रोल असतं. दुसऱ्या दिवशी थर वेगळे झालेले दिसतात: खाली गढूळ, किंचित पिवळं पाणी, वर तपकिरी तेलाचा थर, आणि दोहोंच्या मधे न फुटलेल्या लगद्याची एक पांढरट कड. पाणी किती आणि तेल किती, ते एका नजरेत कळतं. जानेवारीत पाण्याचा थर तेलाच्या दुप्पट-तिप्पट असला तरी त्यात नवल नाही. काळजी कधी करायची? कूलंटच्या टाकीची पातळी सारखी खाली जात असेल, बरणीतल्या पाण्याला कूलंटचा हिरवा, नारिंगी किंवा गुलाबी रंग असेल, किंवा डिपस्टिकवरचं, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवरचं तेलच दुधाळ दिसत असेल, तर. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा मेयो साठतो, तो थंडीत चालतो. डिपस्टिकवर मात्र तो दिसता कामा नये.

खरा धोका गोठण्याचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भरलेला कॅन रात्री उणे ३० मध्ये अंगणात राहिला तर पातळी पाहण्याची प्लॅस्टिकची नळी तडकते, खालचा तोटीवजा व्हॉल्व्ह फुटतो. पण हे नुकसान क्षुल्लक म्हणायचं. नळीत बर्फाचा गट्टू बसला तर पुढचं महाग पडतं. कॅन लांब कोपऱ्यात बसवलेला असतो, मीटर-दीड मीटर रबरी नळी असते, ती मधे कुठेतरी झोळ खाते आणि त्या झोळात पाणी साठतं. वाट बंद झाली की ब्लो-बाय क्रँककेसमध्ये कोंडतो. आधी डिपस्टिक वर उचलली जाते, मग व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तेल पाझरतं, आणि नशीब अगदीच वाईट असेल तर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील जातं. ते सील स्वतः स्वस्त असतं, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, हे फक्त उभ्या गाडीत घडतं असं नाही. एडमंटनहून कॅलगरीला हायवेने निघालात, तीनेकशे किलोमीटर, इंजिन पूर्ण तापलेलं. पण ग्रिलमधून उणे ३० ची हवा ताशी १०० च्या वेगाने कॅनवर आपटतेय. इंजिन गरम आणि नळी गोठलेली, हे एकाच वेळी होऊ शकतं. ट्रकवाले ग्रिलवर कापडी पडदा लावतात, त्याला विंटर फ्रंट म्हणतात, त्याचा या बाबतीतही उपयोग होतो.

दुसरी, क्रँककेसला बहुधा दोन वाटा असतात. एक पीसीव्हीची, मॅनिफोल्डकडे जाणारी. दुसरी ब्रीदरची, एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपला जोडलेली, जिच्यातून एरवी ताजी हवा आत येते. टर्बोवर जोर आला की मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब असतो, पीसीव्हीकडची झडप बंद होते आणि सगळा वायू ब्रीदरने उलटा टर्बोच्या तोंडाशी जातो. त्यामुळे एक वाट गोठली तर दुसरी काही काळ निभावून नेते, आणि मालकाला पत्ताच लागत नाही. पण ही दुसरी वाट जिथे संपते तिथे गरम ओला वायू आणि बाहेरची उणे ३० ची हवा समोरासमोर येतात. बर्फ धरायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तिथला बर्फाचा तुकडा सुटून टर्बोच्या पात्यांवर गेला तर पाती वाकतात.

हा काही फक्त हौशी लोकांच्या कॅनचा दोष नव्हे. बीएमडब्ल्यूच्या एम५४ इंजिनातला कारखान्यातूनच आलेला तेल-विभाजक थंडीत लगद्याने तुंबून गोठायचा, म्हणून कंपनीने थंड प्रदेशांसाठी त्याच्यावर उष्णतारोधक आवरण घातलेली आवृत्ती काढली. पुढच्या इंजिनांत पीसीव्ही व्हॉल्व्हला विजेचा छोटा हीटरच दिला. त्यातून आणखी एक लफडं निघालं: हा हीटर गंजून शॉर्ट होऊ शकतो आणि आग लागू शकते, म्हणून २०१७ मध्ये अमेरिकेत २००७ ते २०११ च्या सुमारे ७ लाख ४० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. एवढे इंजिनीअर पदरी असलेल्या कंपनीला ही नळी उघडी ठेवणं इतकं जड गेलं, तर ऑनलाइन मागवलेल्या डब्याबरोबरच्या दोन फूट साध्या रबरी नळीवर किती विसंबायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

माझं मत विचाराल तर असं. गाडीत टर्बो नाही आणि इंजेक्शन जुन्या पद्धतीचं आहे, तर कॅनच्या भानगडीत पडूच नका, हिवाळा असो वा उन्हाळा. डायरेक्ट इंजेक्शन आणि टर्बो आहे, पण गाडी रोज शहरातल्या शहरात छोट्या फेऱ्या मारते आणि बाहेर उघड्यावर उभी राहते, तर पहिल्या कडक थंडीआधी कॅन काढून कंपनीची मूळ नळी परत लावा. चार-पाच महिन्यांत व्हॉल्व्हवर बसणाऱ्या काजळीने आभाळ कोसळत नाही. तशीही ती काजळी सगळी पीसीव्हीतून येते असं नाही, व्हॉल्व्हच्या सीलांतूनही तेल झिरपतंच. म्हणूनच मूळ नळी, तिच्या क्लिपांसकट, फेकून देऊ नये. ती डिकीत ठेवा.

गाडी लांबच्या पल्ल्याची असेल, रात्री गरम गॅरेजमध्ये राहत असेल, आणि कॅन ठेवायचाच असेल, तर तो ग्रिलपासून दूर, इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ) आणा. नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवा आणि त्यांना सलग उतार द्या, कुठेही झोळ नको. नळ्यांवर फोमचं आवरण चढवा. एक्झॉस्टच्या जवळून जाणाऱ्या भागाला मात्र फोम नको, तिथे उष्णता सोसणारं आवरण लागतं. आवरणामुळे कॅन कमी गार होईल, म्हणजे कमी पाणी पकडेल. तेच तर हवंय. हिवाळ्यात कॅनने जास्त पकडावं यापेक्षा वाट उघडी राहावी हे महत्त्वाचं, आणि थोडी वाफ इंजिनात गेली तर ती सायलेन्सरमधून निघून जाते. काही कॅन कूलंटवर गरम राहणारे मिळतात. ते महाग असतात आणि जोडणी वाढली की गळायच्या जागाही वाढतात.

रिकामा करण्याचं वेळापत्रक किलोमीटरवर बांधू नका, पाऱ्यावर बांधा. हवामान खात्याने कडाक्याच्या थंडीचा इशारा दिला की त्याच्या आदल्या दिवशी, इंजिन कोमट असताना, कॅन उपसून टाका. एरवी दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला झाकण काढून पाहायची सवय लावा. एडमंटनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये विमानतळावर पारा उणे ४५ च्याही खाली गेला होता. अशा रात्री ब्लॉक हीटर लावलेला असला तरी त्याची ऊब कॅनपर्यंत पोचत नाही. तो कूलंट गरम ठेवतो आणि इंजिन सुरू व्हायला मदत करतो, बस.

वाट तुंबली आहे का हे पाहायची सोपी युक्ती आहे. इंजिन आयडलवर असताना तेल भरायचं झाकण हळूच काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरा. मोजा आत ओढला गेला किंवा जेमतेम हलला तर ठीक. फुगून बोटं ताठ उभी राहिली तर क्रँककेसमध्ये दाब आहे. काही गाड्यांत झाकण काढल्यावर इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा दिवाही लागतो, तेव्हा पाहणं झटपट उरका. मोजा फुगला तर गाडी रेसवर नेऊ नका. इंजिन बंद करून गाडी उबदार जागी घ्या, नळी सोडवा आणि गरम पाण्यात घालून बर्फ काढा. हीट गन किंवा ज्योत नळीजवळ अजिबात नको.

एक जुगाड मात्र कुणीही करू नये: गोठण्याची कटकट नको म्हणून कॅनला वरून छोटा फिल्टर लावून वायू बॉनेटखालीच सोडून देणं. केबिनमध्ये येणारी हवा काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेलगत खेचली जाते. थंडीत काचा बंद आणि हीटर चालू असतो. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यातलं गोठण्याचं प्रकरण लागू नाही. निफाडचा पारा ५ च्या खाली गेला की बातमी होते, पण नळीत बर्फ धरायला ते पुरेसं नाही. पुण्यात घर ते ऑफिस तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली थंडीत थोडा दुधाळ थर दिसू शकतो. आठवड्यातून एकदा लोणावळ्यापर्यंत चक्कर मारली की तो जातो. लेह-द्रासकडे भर हिवाळ्यात स्वतःची गाडी नेणारे थोडे आहेत. त्यांनी कॅन घरी काढून ठेवावा.

कॅनमधून निघालेलं पाणी गटारात किंवा बर्फावर ओतू नका, त्यात तेल आणि पेट्रोल दोन्ही असतं. जुन्या तेलाच्या डब्यातही मिसळू नका, पाणी आणि पेट्रोल मिसळलेलं तेल पुनर्वापरासाठी घेणारे नाकारू शकतात. झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवा आणि एडमंटनमध्ये असाल तर शहराच्या इको स्टेशनवर, म्हणजे असा घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्या. तिथल्या माणसाला मात्र आत काय आहे ते नीट सांगा.